उजव्या हाताचा पाव

१४ ऑक्टोबर

वहिनी,

तुला वाकून नमस्कार, दादाला उभ्या उभ्याच. दोघंही ओरडता, पण तू ओरडून झाल्यावर जेवायला वाढतेस, म्हणून हा फरक.

मी मजेत आहे. इथे थंडी पडायला लागलीय. जेवण वेळेवर, झोप जरा जास्तच. काम सध्या थांबलंय. मोठ्या स्लॅबचं सामान यायचंय, म्हणून मोकळं सोडलंय. अक्षर बघून कपाळाला हात लावू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड आहे, लिहायला बसलं की ते म्हाताऱ्यासारखी मान हलवतं. फोन करणार होतो, पण फोन दादाच उचलतो आणि मग गोदामाचं पुराण सुरू होतं.

त्याला सांग, त्याच्या गोदामातली ती स्टुलावर बसायची जागा माझ्यासाठी अडवून ठेवू नको. मला माहितीय तुम्ही दोघं काय म्हणत असाल. गॅरेज सोडलं, छापखाना सोडला, कापडाच्या दुकानातून तर जेवायला म्हणून उठलो तो परत गेलोच नाही. मग हे तरी किती दिवस. पण वहिनी, हे मला सोडायचं नाहीये. ओल्या काँक्रीटवर थापी फिरवायला लागलं की खडबडीत माल हळूहळू असा गुळगुळीत होत जातो की माझे पायसुद्धा एका जागी राहतात. मुकादम एकदा मागे उभा राहून म्हणाला होता, "तुझा हात सपाट आहे रे." इतकं चांगलं मला अजून कोणी बोललेलं नाही, तुझ्यासकट.

बरं, आता गंमत ऐक. मी पाव केला. विकत आणला नाही, केला.

झालं असं. आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. तिने जन्मभर शहरातली मोठी बस चालवली, म्हणून मी आणि माझ्या खोलीतला रंगारी तिला ड्रायव्हरबाई म्हणतो, तोंडावरसुद्धा. ती पाव घरीच भाजते. आता तिची मनगटं दुखतात, पीठ मळवत नाही. मी रिकामा, खोलीत नुसता येरझाऱ्या घालत होतो, तर जिन्यातून आवाज आला, "वर कोण आहे तो? माझं छत डोक्यावर येईल. एवढी रग आहे तर खाली ये आणि पीठ मळ."

गेलो. तिने सगळं सांगितलं. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट, त्याला फेस आला की ते पिठात ओतायचं, मीठ, थोडं तेल, आणि मळायचं. मग झाकून ठेवायचं, फुगलं की डब्यात घालायचं, परत थोडं फुगू द्यायचं, मग ओव्हनमध्ये. एवढं सांगून बाई दुकानात गेल्या.

आता माझी काय चूक ते तूच सांग. झाकण काढून बघतो तर पिठात बुडबुडेच बुडबुडे. आमच्या कामात बुडबुडा म्हणजे चोर. मालात हवा राहिली की स्लॅब आतून पोकळ, आणि मुकादम लोखंडी सळई ठोकून बघतो, पोकळ वाजला की आमच्या घराण्याचा उद्धार. मी म्हटलं, बाईंना कोणी हे शिकवलेलं दिसत नाही. पीठ डब्यात घातलं, चमच्याच्या दांड्याने कोपऱ्या-कोपऱ्यात खुपसून सगळी हवा काढली. मग डबा फरशीवर आपट आपट आपटला. वरून सुरीने पातळी काढली. आणि परत फुगायला ठेवायच्या ऐवजी, सुकून तडा जाऊ नये म्हणून वरून पाणी मारलं आणि सरळ ओव्हनमध्ये सरकवला.

बाई आल्या, डबा उलटा केला. जे पडलं त्याने टेबलावरची बशी फुटली.

त्यांनी ते बोटाने ढकलून बघितलं. मग म्हणाल्या, "यावरून माझी बस गेली असती, तरी याला काही झालं नसतं."

"हवा सगळी काढलीय," मी म्हटलं. छाती पुढे काढून म्हटलं, हे विशेष.

"अरे बाळा, ती हवा म्हणजेच पाव. बाकी मग पीठच की."

रंगाऱ्याने तो पाव खोलीच्या दाराला लावलाय. वाऱ्याने दार आपटायचं, आता आपटत नाही.

तुझा,
डुगडुगत्या टेबलावरचा दीर

२ नोव्हेंबर

वहिनी,

तुला वाकून नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दादाने खाली चार ओळी घुसडल्यात त्याही वाचल्या. गोदामाला नवीन पंखे बसवलेत हे वाचून आनंद झाला. पंख्यांखाली बसायला त्यांना कोणीतरी मिळो.

तू हातमोजे विणतेयस हे वाचून तर फारच बरं वाटलं. कागदावर हात ठेवून भोवती पेन्सिल फिरवून पाठव म्हणालीस, तो कागद सोबत आहे. तू उजवा हात मागितला होतास, मी डावा पाठवतोय. काय आहे, पेन्सिल धरायला सोपं पडलं. दोन्ही हात सारखेच असतात, कागद उलटा केलास की झाला उजवा. अक्षराचं विचारलंस. टेबलाला खाली लाकूड लावलंय, पण आता पेन खराब निघालं.

दुसरा पाव केला. तोही फसला. पाणी कोमट घ्यायचं होतं, मी उकळतं ओतलं. जितकं गरम तितकं लवकर होईल, एवढा माझा हिशोब. बाई म्हणाल्या, "यीस्ट जिवंत असतं, तू त्याला आंघोळ घालायच्या ऐवजी उकडून मारलंस." पीठ दुपारभर झाकून ठेवलं, उठून बघितलंसुद्धा नाही त्याने आमच्याकडे.

तिसऱ्याला फुगलं. पण मला धीर कुठला. जरा वेळ गेला की फडकं उचलून बघायचं, बोट लावायचं, परत झाकायचं. बाई खुर्चीवरून ओरडतात, "गाडी अजून लागलेली नाही. लागली की मी सांगेन. तोवर रांगेत उभा राहा." भाजायला घातल्यावर तर मी ओव्हनचं दार इतक्या वेळा उघडलं की पाव मधोमध बसला. पंक्चर झालेलं चाक दिसतं तसा दिसत होता. रंगाऱ्याने खाल्ला मात्र. तो काहीही खातो. सकाळी माझी बटणं लावून देतो आणि वर मजुरी म्हणून माझ्या वाटणीचा चहा पितो, असला माणूस. ते जाऊ दे.

बाईंचा एक हट्ट आहे, मळायचं ते उजव्याच हाताने. डावा जरा पुढे केला की पळीने मारतात. का, ते त्यांनाच ठाऊक.

मुकादम येऊन गेला. फळं घेऊन आला होता. मोठा स्लॅब डिसेंबरात टाकायचाय म्हणाला. मी म्हटलं, मी आहेच. तो म्हणाला, बघू. उगाचच म्हणतो तो तसं, त्याची सवय आहे.

तुझा,
तीन पावांचा बाप असलेला दीर

२१ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र म्हणून पाकीट उघडलं तर आत एकच ओळ. "डावा मिळाला. उजवा कुठे आहे?"

रंगाऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "संपलं. आता सांग." मी ती चिठ्ठी घेऊन दिवसभर फिरलो. नदीवरच्या पुलावर गेलो, परत आलो, परत गेलो. तुझ्यापुढे मला कधी खोटं बोलता आलंय, जे आता येणार होतं. पाटीवर अक्षरं गिरवायला तूच बसवायचीस, माझं मनगट धरून. ते मनगट कुठल्या बाजूला कलतं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार.

उजवा हात सोबतच्या कागदावर आहे. रंगाऱ्याने पेन्सिल फिरवली. हे त्याचं चित्र बिघडलेलं नाही, हात तसाच आहे. बोटं सरळ होत नाहीत, म्हणून पंजा असा खेकड्यासारखा आलाय.

सप्टेंबरात काम चालू असताना लोखंडी पत्रा सुटला आणि हातावर आला. चार बोटांची हाडं मोडली, आत दोन शिरा तुटल्या. दवाखान्यात शिवलं, प्लास्टर घातलं, ऑक्टोबरात काढलं. बाकी मी ठणठणीत आहे, पाव सोडले तर ही एकच गोष्ट आधीच्या पत्रांत खरी होती. काम थांबलेलं नव्हतं वहिनी, मीच थांबलो होतो. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत. दोन्ही पत्रं आणि हेही डाव्या हाताने लिहिलंय. फोन केला नाही कारण तू नुसत्या "हॅलो"वरून ओळखतेस.

प्लास्टर काढून डॉक्टर म्हणाला, हाड जुळलंय, आता बोटं तुझी तुलाच चालवायला लागतील. चालवशील तितकी चालतील. त्याने एक रबरी चेंडू दिला, दिवसभर दाबत बसायला. मला बसायला सांगितलं त्याने, मला. पहिल्याच सकाळी मी तो चेंडू खिडकीतून फेकून दिला आणि तो ड्रायव्हरबाईंच्या अंगणात पडला. त्यांनीच उचलला. त्यानंतर त्या जिन्यातून ओरडल्या ते मी तुला लिहिलंय. छताचं निमित्त होतं. त्यांना चेंडूवरून सगळं कळलं होतं.

खाली गेलो तर म्हणाल्या, "चेंडू दाबून चेंडूच राहतो, म्हणून कंटाळा येतो. हे दाबून बघ."

पहिल्या दिवशी वहिनी, पिठाच्या गोळ्यात माझं बोट रुतेना. डाव्याने मळला आणि उजवा नुसता वर ठेवला होता, मेलेल्या माशासारखा. दुखलं तेव्हा मी बाईंना नको ते बोललो. त्या शांतपणे म्हणाल्या, "बसमध्ये याच्यापेक्षा वाईट ऐकलंय. चल, परत." पण पीठ मऊ असतं, चेंडूसारखं उलटं ढकलत नाही. आज थोडं रुतलं की उद्या थोडं जास्त. आता तीन बोटं पिठात पूर्ण मिटतात. करंगळी ढिम्म.

तुला का सांगितलं नाही ते सांगतो. तुला कळलं की दादाला कळणार. दादा पहिली गाडी पकडून येणार, माझी पिशवी स्वतः भरणार, "चल घरी" म्हणणार. आणि मी जाईन वहिनी. त्याच्यापुढे मला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर मी त्याच्यापासून इतका लांब राहतो. मग गोदाम, स्टूल, नवे पंखे. मी तिथे वाईट काम करणार नाही, पण पायाची भिंगरी परत सुरू होईल आणि या वेळी कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही.

मुकादमाने सरळ सांगितलंय. माणूस कडक आहे पण खोटा नाही. म्हणाला, "डिसेंबरातल्या मोठ्या स्लॅबला थापी धरता आली तर तुझी जागा तुझी. नाही आली तर फाटकावर पहारेकरी हवाय. बसून काम आहे."

बसून काम. माझ्या नशिबात सगळीकडे स्टूलच मांडून ठेवलंय.

म्हणून मी रोज मळतोय. बाईंच्या घरात इतका पाव झालाय की शेजारपाजारचे लोक आता त्यांना टाळतात. दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव, मी ते तुझ्यावर सोडतो. फक्त स्लॅब होईपर्यंत त्याला गाडीत बसू देऊ नकोस.

हात जोडून लिहिणार होतो, पण ते अजून जुळत नाहीत. मध्ये बोटं येतात.

तुझा,
धाकटा

१९ डिसेंबर

वहिनी,

काही वाचायच्या आधी अक्षर बघ.

बघितलंस? कोंबडीचे पायच आहेत, पण कोंबडी जुनी, आपल्याच घरची. उजव्या हाताने लिहितोय. मधे मधे पेन खाली ठेवायला लागतं, म्हणून सकाळी धरलेलं पत्र दुपारच्या चहापर्यंत चाललंय.

तुझं पार्सल मिळालं. आत डाव्या हाताचा एकच मोजा, आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, "दुसरा मापाची वाट बघतोय." रंगारी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. आणि त्याच चिठ्ठीच्या पाठीमागे दादाची ओळ. "स्लॅब होऊ दे. मग बोलू." मी ती ओळ उलटसुलट करून बघितली. गोदाम नाही, पंखे नाहीत. तू त्याला काय सांगितलंस, कसं सांगितलंस, ते एकदा घरी आल्यावर सांग. मला वाटतं जेवताना सांगितलं असशील.

आता नीट क्रमाने सांगतो, नाहीतर माझं सगळं एकदम बाहेर येईल.

स्लॅबच्या आदल्या दिवशी पाव केला. या वेळी बाईंनी पळी हातात घेतली नाही. म्हणाल्या, "आज गाडी तू चालव. मी प्रवासी." पाणी मनगटावर घेऊन बघितलं, कोमट. यीस्टला फेस आला, वरपर्यंत आला. पीठ घेतलं आणि तिंबायला लागलो, फक्त उजव्याने. तळव्याने पुढे ढकलायचं, बोटांनी परत ओढायचं. आधी चिकटत होतं, भांड्याला, हाताला, कुठेही. मग कधीतरी सुटलं. माझ्या हाताला ते आधी कळलं, मला नंतर. गोळा एकदम गुळगुळीत झाला वहिनी, थापी फिरवलेल्या मालासारखा. तो हात मला ओळखीचा वाटला.

मग फडकं झाकलं आणि मी त्याच्यापुढे बसलो. हो, बसलो. स्टुलावरच. बाई खिडकीपाशी डुलक्या काढत होत्या, मी जागचा हललो नाही. फडकं हळूहळू वर येताना दिसत होतं, कोणीतरी खालून डोकं काढतंय तसं. मी एकदाही उचलून बघितलं नाही. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "लागली गाडी."

डब्यात घातला तो दोन्ही हातांनी, हळू. चमचा खुपसला नाही, आपटला नाही. परत फुगू दिला. ओव्हनचं दार बंद केलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो. वास जिन्यात गेला, वर गेला, रंगारी ब्रश हातात तसाच घेऊन खाली आला. डबा उलटा केला, पाव निघाला. वर तांबूस, घुमटासारखा, एका बाजूला जरासा फाटलेला. बाईंनी तो उलटा धरून बुडाला टिचकी मारली. ढब. पोकळ वाजला.

मी म्हटलं, गेला. कामावर असा आवाज आला की संपलं.

"झाला," बाई म्हणाल्या. "आतून पोकळ वाजला की समजायचं, पाव झाला."

मी तो कापू दिला नाही. रंगाऱ्याने तोंड वाकडं केलं. फडक्यात बांधून सकाळी कामावर घेऊन गेलो. मुकादमाला दिला. त्याने फडकं सोडलं, पाव सगळ्या बाजूंनी बघितला, आणि सवयच ती, खिशातली पेन्सिल काढून ठोकला.

"पोकळ आहे," तो म्हणाला.

"पोकळच हवा."

"कोणी मळला?"

मी उजवा हात वर केला. त्याने हात पुढे केला आणि माझा पंजा धरला, हात मिळवतात तसा. आणि दाबला. वहिनी, तो दाबतोय हे कळल्यावर मी पण दाबला. दोन महिन्यांचं सगळं पीठ त्या मुठीत घातलं मी. बराच वेळ कोणीच सोडेना. मग त्याचीच भुवई हलली. "सोड," म्हणाला, "मला संध्याकाळी सही करायचीय."

तरी तो मुकादम आहे. ओरडून सांगितलं, "याला जिन्याखालचा कोपरा द्या. बिघडला तरी झाकता येईल."

जिन्याखाली गुडघ्यावर बसलो. थापी घेतली. करंगळी बाहेर राहते, तिला राहू दिलं. पहिला फेरा वाकडा गेला. दुसऱ्याला हात बसला. ओला माल हाताखाली सरकायला लागला, पाणी वर आलं, खडे खाली गेले, आणि तो कोपरा असा उतरला की त्यात जिन्याची सावली दिसत होती. मान वर केली तर मुकादम मागे उभा. कधीपासून ते माहीत नाही.

वाकून बघितलं त्याने. मग पलीकडे बघत ओरडला, "ए, मुख्य दारातला पट्टा कोण करतोय? त्याला उठवा. हा करेल."

मुख्य दारातला पट्टा म्हणजे वहिनी, या इमारतीत जो कोणी येईल त्याचा पहिला पाय तिथे पडणार. तो मी केला. संध्याकाळपर्यंत केला. शेवटी थापी धुवायलाही बोटं वळेनात, रंगाऱ्याने मदत केली, तो मला घ्यायला आला होता. पण पट्टा सपाट आहे. दुसऱ्या दिवशी सुकल्यावर मुकादमाने सळई ठोकली. टणटण वाजला.

पाव सगळ्यांनी मिळून खाल्ला. मुकादमाने दोनदा घेतला आणि दोनदाही म्हणाला, पोकळ आहे. बाईंसाठी मी वाटायच्या आधीच एक टोक कापून ठेवलं होतं. त्यांनी ते चावलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी." मग हातावरचे कणसुद्धा टिपून खाल्ले. त्यांच्याकडून इतकंच मिळतं, आणि मला ते पुरलं.

फाटकावरचं स्टूल अजून रिकामं आहे. गोदामातलंही कोणा गरजूला द्या.

सोबत कागद आहे. हा उजवा हात, आणि पेन्सिल मी स्वतः धरलीय, डाव्याने. बोटं सरळ आलीत बघ. अंगठ्यापाशी डाग आहे तो लोण्याचा, फसवणुकीचा नाही. करंगळी जिथे आहे तिथेच राहणार असं डॉक्टर म्हणतो. मोज्यात तिच्यासाठी जरा वाकडी जागा ठेव.

तुला आणि दादाला, या वेळी दोघांनाही सारखाच, दोन्ही हात जोडून नमस्कार.

जुळतात आता.

तुझा दीर